फारगती, हक्कसोड आणि नॉमिनी : घरातल्या कागदांचे शब्द

"नॉमिनी लावलंय ना, मग काय काळजी!" हे वाक्य मी बडोद्यातल्या निदान दहा मराठी घरांत ऐकलं असेल. बँकेचा फॉर्म भरला, नॉमिनीच्या रकान्यात बायकोचं किंवा मुलाचं नाव टाकलं, की आपल्यामागचा सगळा प्रश्न मिटला अशी आपली पक्की समजूत असते. ती समजूत बऱ्याच अंशी चुकीची आहे, आणि ती चुकीची आहे हे कळतं तेव्हा फॉर्म भरणारा माणूस सांगायला उरलेला नसतो.

मी वकील नाही. बीई करून सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. पण स्कॅन करून पीडीएफ बनवता येते, पोर्टलवर लॉगिन करता येतं, एवढ्या भांडवलावर गेली सहा-सात वर्षं आमच्या खानदानातले सगळे कागद माझ्याकडे येतात. आपल्यासारख्या घरांत हे काम जरा जास्तच गुंतागुंतीचं. गाव सातारा जिल्ह्यात, राहतं घर बडोद्यात, आत्या इंदूरला, मामी मडगावची. प्रत्येक ठिकाणी कागद तोच, पण नाव वेगळं, आणि कधी कधी नाव तेच पण कायदा वेगळा. त्यातून जे कळलं, आणि ओळखीच्या वकिलांना विचारून जे पक्कं केलं, ते इथे सांगतो.

आधी नॉमिनीच घेऊ. सोसायटीत आपण घरी नसताना कुरियरवाला पार्सल वॉचमनकडे देऊन जातो. वॉचमनने सही केली म्हणून पार्सल त्याचं होत नाही. नॉमिनी म्हणजे साधारण तो वॉचमन. बँकेने पैसे कोणाच्या हातात द्यायचे, एवढंच त्या नावाने ठरतं. पैसे कोणाचे, हे वारसाहक्काचा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवतं. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत हे १९८४ मध्ये सांगितलं. शेअर्स आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीतलं तसंच उत्तर डिसेंबर २०२३ मध्ये आलं, आणि तो खटला 'कालनिर्णय'कार जयंतराव साळगांवकर यांच्या मिळकतीवरून उभा राहिलेला होता. ज्यांचं कॅलेंडर आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात टांगलेलं असतं, त्यांच्या घरातही हाच शब्द वादाचा झाला. विम्याच्या कायद्यात २०१५ साली एक दुरुस्ती झाली. आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर ती रक्कम त्यांच्या लाभाची धरावी असं त्यात म्हटलं आहे. पण त्याचेही उच्च न्यायालयांनी वेगवेगळे अर्थ लावले आहेत, त्यामुळे त्या एका दुरुस्तीवर विसंबून राहू नये.

ओळखीतल्या एका घरात असं झालं. मुलाने नोकरी लागल्या लागल्या मुदतठेव केली, नॉमिनी म्हणून आईचं नाव दिलं. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, ठेव दर वर्षी आपोआप पुढे जात राहिली आणि रकान्यातलं नाव तेच राहिलं. तो अचानक गेला. बँकेने पैसे आईला दिले, आणि ते बरोबरच होतं. आईला वाटलं, मुलाने माझ्यासाठी ठेवले. सुनेला वाटलं, सासूबाईंनी लाटले. दोघींचंही चुकत होतं. मृत्युपत्र नसलेला हिंदू पुरुष गेला की पहिल्या वर्गातल्या वारसांना सारखा वाटा मिळतो, म्हणजे बायको, मुलगे, मुली आणि आई. इथे तीन वारस, तीन सारखे वाटे. हे कोणी पहिल्या महिन्यात समजावून सांगितलं असतं तर निम्मं भांडण झालंच नसतं. आई हीसुद्धा वारस असते हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यातल्या बहुतेकांना नवीन होतं. वडील मात्र त्या पहिल्या वर्गात नाहीत, हेही.

बाईची मिळकत असेल तर हिशेब वेगळा, आणि आपल्या पिढीतल्या नोकरी करणाऱ्या मुलींनी हा भाग दोनदा वाचावा. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. त्यानुसार मृत्युपत्र न करता बाई गेली तर पहिला हक्क मुलं आणि नवरा यांचा. मुलंही नाहीत आणि नवराही नाही अशी स्थिती असेल तर नंबर लागतो नवऱ्याच्या वारसांचा, आणि तिच्या स्वतःच्या आई-वडिलांचा त्याच्याही नंतर. स्वतःच्या पगारातून घेतलेला फ्लॅटसुद्धा ह्याच क्रमाने जातो. माहेरहून वारशाने आलेली मिळकत तेवढी, मूलबाळ नसेल तर, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. ज्या मुलीने आईबाबांसाठी घर घेतलं आहे तिने एक मृत्युपत्र लिहून ठेवलं नाही, तर ते घर अशा दीर-नणंदांकडे जाऊ शकतं, ज्यांनी ते घर कधी पाहिलेलंही नाही.

आणि मृत्युपत्र हा वाटतो तेवढा अवघड कागद नाही. स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कागदावर, हाताने, मराठीत लिहिलेलं चालतं. लिहिणाऱ्याची सही हवी आणि निदान दोन साक्षीदारांच्या. ज्याला त्यातून काही मिळणार आहे त्याने साक्षीदार नसलेलं बरं. नोंदणी सक्तीची नाही. केली तर पुढे कोणी शंका काढली की उपयोगी पडते. कितीही वेळा बदलता येतं, शेवटचं खरं. 'प्रोबेट' म्हणजे हे मृत्युपत्र अस्सल आहे असं कोर्टाने दिलेलं शिक्कामोर्तब. 'उत्तराधिकार प्रमाणपत्र' वेगळं. ते कोर्टच देतं, पण बँकेतल्या ठेवी, शेअर्स, येणी अशा गोष्टींसाठी. जमिनीसाठी ते नसतं. महाराष्ट्रात जमीन-घरासाठी जो 'वारस दाखला' दिवाणी कोर्टातून काढतात त्यामागे १८२७ चं मुंबई रेग्युलेशन आहे. जवळजवळ दोनशे वर्षं जुना नियम अजून रोजच्या वापरात आहे. आमच्या धंद्यात दहा वर्षं जुन्या कोडला हात लावायला लोक घाबरतात!

आता हक्कसोड. ह्या शब्दावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण आपल्याकडच्या बायकांनी न वाचता सर्वांत जास्त सह्या ह्याच कागदावर केल्या आहेत.

गावाकडे आजोबांच्या नावची थोडी जमीन आणि एक जुनं घर आहे. वाटणी कधी झाली नाही. दोन वर्षांपूर्वी आत्याकडे इंदूरला एक कागद आला. शीर्षक 'हक्कसोडपत्र', आणि आत 'राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाखाली न येता' असं सगळं. काकांनी फोनवर सांगितलं, "ताई, एक सही हवीय, जमिनीवर कर्ज काढायचंय." आत्याने तो कागद फोटो काढून मला पाठवला. "अरे, हे वाच जरा. सही करायला हरकत नाही, पण मी काय सोडतेय ते तरी कळू दे."

मी वाचला. त्यात जमिनीचा एकच गट नंबर नव्हता. 'सर्व स्थावर मिळकतीतील माझा अविभक्त हिस्सा, विनामोबदला, कायमचा' असं होतं. म्हणजे घरही आलं. विनामोबदला म्हणजे एक रुपयाही न घेता. 'अविभक्त हिस्सा' म्हणजे अजून सरी-वरंब्याने वेगळा न केलेला, पण असलेला वाटा. आणि 'कायमचा' म्हणजे तिच्या मुलांनाही पुढे काही म्हणता येणार नाही. हे मी तिला एकेक शब्द करून सांगितलं. हे सांगताना अडचण अशी होती की तो कागद काका आणि बाबा, दोघा भावांच्या लाभात होता. बाबा त्या दिवशी जेवताना बोलले नाहीत. नंतर एवढंच म्हणाले, "तुला विचारलंय म्हणून सांगितलंस, ते ठीक. पण आम्ही तिचं काही लुबाडत नव्हतो."

ते खरंच होतं. काकांना पीककर्जाच्या प्रत्येक कागदावर इंदूरहून सही आणायला लागायची आणि ते वैतागले होते. वकिलाने आपला नेहमीचा मसुदा काढून दिला, आणि त्या मसुद्यात सगळंच असतं. शेवटी आत्याने ठरवलं : जमीन सोडते, कारण ती काका कसतात, घर सोडत नाही, कारण माझं लहानपण तिथे गेलं आणि म्हातारपणी एक खोली माझी म्हणून असू दे. दोन महिने काका आणि आत्याचं बोलणं बंद होतं. मग नवा मसुदा झाला, गट नंबर घालून.

हक्कसोड वाईट असते असं मला म्हणायचं नाही. भावाने आई-वडिलांना सांभाळलं, बहिणीने समजून हिस्सा सोडला, अशी उदाहरणं आपल्या प्रत्येक घरात आहेत. पण सोडायला आधी हक्क असावा लागतो, आणि तो आहे हेच अनेक बायकांना सांगितलेलं नसतं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर आहे. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये मिटवला : असायला हवेत असं नाही. लग्न झालेलं असणं-नसणं ह्याचाही संबंध नाही. आपल्या पाहुण्यांच्या नकाशावर बघायला गेलं तर आंध्रने ही दुरुस्ती १९८६ मध्ये केली होती, महाराष्ट्र आणि कर्नाटकाने १९९४ मध्ये, पण ती तेव्हा लग्न न झालेल्या मुलींपुरती. गुजरात आणि मध्य प्रदेशातल्या मुलींना २००५ ची वाट पाहावी लागली.

गुजरातमध्ये ह्याच कागदाला 'फारगती' म्हणतात आणि महसुली नोंदीत 'हक कमी'. मराठीत फारकत म्हणजे नवरा-बायकोचं वेगळं होणं, त्यामुळे माझ्या आईने पहिल्यांदा 'बेननी फारगती' ऐकलं तेव्हा तिला भलतंच वाटलं होतं. शब्द एकाच मुळातले, मोकळं करण्याचे. 'हक कमी' हा शब्द मात्र मला फार प्रामाणिक वाटतो. जे होतं तेच सांगतो.

दस्त झाला की पाळी येते सातबाऱ्याची. महाराष्ट्रात गावनमुना ७ म्हणजे जमीन कोणाकडे आहे, गावनमुना १२ म्हणजे तिच्यात काय पिकतं. दोन्ही एकत्र म्हणून सात-बारा. ८-अ म्हणजे एका माणसाच्या खात्यावर गावात किती जमीन आहे त्याचा उतारा. आणि 'फेरफार', म्हणजे नमुना ६, ही बदलांची वही. माझ्या भाषेत सांगायचं तर सातबारा ही आजची स्क्रीन आणि फेरफार हा लॉग. कोणाचं नाव कधी आलं, कधी गेलं, कशाच्या आधारावर, हे लॉगमध्येच कळतं. म्हणून नुसता सातबारा पाहून थांबू नका, त्यावर लिहिलेले फेरफार क्रमांक काढून तेही वाचा. आमच्या उताऱ्यावर आत्याचं नाव 'इतर हक्क' ह्या रकान्यात होतं. अनेक जुन्या उताऱ्यांवर मुलींची नावं अशी कडेच्या रकान्यात सापडतात. तिथे नाव आहे म्हणजे वाटा कमी, असा त्याचा अर्थ नाही.

फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही. ती महसूल कोणाकडून घ्यायचा ह्याची नोंद असते. न्यायालयांनी हे कितीतरी वेळा सांगितलं आहे. तरी नोंद चुकीची पडू देऊ नये, कारण पुढचा खरेदीदार आणि बँक आधी तीच बघतात. महाराष्ट्रात नोंद पक्की होण्याआधी नोटीस निघते आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. गुजरातमध्ये ती '१३५-डी'ची नोटीस. ती पोस्टाने आली की रद्दीत टाकायची नाही. सातबारा गुजरातमध्येही सातबाराच आहे. मध्य प्रदेशात मात्र खसरा आणि बी-१, आणि फेरफाराला नामांतरण. बेळगावकडे सरकारी कागदावर आरटीसी किंवा पहाणी, घरात मात्र अजून 'उतारा'. हैदराबादकडेही पहाणी. महाभूलेख, एनीआरओआर, भूमी, एमपी भूलेख ह्या संकेतस्थळांवर घरबसल्या हे सगळं बघता येतं. आपल्या गावाचं वर्षातून एकदा दिवाळीच्या सुट्टीत बघून ठेवावं, दहा मिनिटं लागतात.

घर घेताना गोंधळ होतो तो नोटरी आणि नोंदणी ह्यांत. नोटरीने शिक्का मारला म्हणजे सही तुमचीच आहे एवढं त्याने पाहिलं. नोंदणी म्हणजे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्त सरकारी दप्तरात जाणं. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत विकायची, बक्षीस द्यायची किंवा तिच्यातला हक्क सोडायचा तर नोंदणीशिवाय तो कागद मालकी बदलू शकत नाही. 'पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलंय' हे वाक्य ऐकलं की मला घाम फुटतो. तसंच साठेखत, ज्याला इथे बानाखत म्हणतात. तो पुढे विकण्याचा करार. मालकी मिळते खरेदीखताने, म्हणजे इथल्या भाषेत दस्तावेजाने, आणि इंदूरला ज्याला सगळे 'रजिस्ट्री' म्हणतात त्याने.

कुलमुखत्यारपत्र, अर्थात पॉवर ऑफ ॲटर्नी, हे परदेशी असलेल्या भावंडांमुळे आता घरोघरी लागतं. त्यातला 'कुल' म्हणजे सगळं. म्हणून आधी विचारायचं, सगळं द्यायचंय की एकाच फ्लॅटपुरतं? एकाच कामासाठी 'खास' मुखत्यारपत्र करता येतं. लिहून देणारा वारला की सहसा ते तिथेच संपतं. वडिलांनी दिलेल्या मुखत्यारपत्रावर त्यांच्या मागे मुलाने व्यवहार करायला जाऊ नये. आणि मुखत्यारपत्र दिलं म्हणजे विक्री झाली असं होत नाही, हे २०११ च्या निकालाने स्पष्ट आहे. भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन आलेला कागद इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यायचा असतो, ही मुदत लोक हमखास विसरतात.

मडगावच्या मामीकडे ह्यातलं निम्मं लागूच होत नाही. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा आहे, वारशासाठी २०१२ चा गोव्याचा स्वतःचा कायदा आहे, आणि तो सगळ्या धर्मांना सारखा. वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर मिळकत नवरा-बायकोची सामाईक. एकट्याच्या सहीने घर विकता येत नाही. मुलं किंवा आई-वडील असतील तर मृत्युपत्राने फक्त निम्म्या मिळकतीची वाट लावता येते, उरलेली निम्मी त्यांच्यासाठी राखीव. वाटणीचं जे काम कोर्टात चालतं त्याला तिकडे 'इन्व्हेंटरी' म्हणतात. मामीने पहिल्यांदा तो शब्द काढला तेव्हा मला वाटलं दुकानातला माल मोजतायत. आणि गोवेकराची गोव्याबाहेरची मिळकतही ह्याच कायद्याने वाटली जाते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मुंबईतल्या एका मिळकतीच्या खटल्यात सांगितलं. गोव्यात सोयरीक असलेल्यांनी तिथल्याच वकिलाला विचारावं, पुण्या-बडोद्याच्या नव्हे.

भाषेचं हे जंजाळ नवं नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ साली, बडोदा संस्थानाने कारभारातल्या शब्दांचा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' नावाचा कोशच छापला, एकेका शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू असे प्रतिशब्द. तेव्हाच्या कारकुनांनाही आपल्यासारखंच अडत असणार.

राहता राहिला प्रश्न, कागद करायचा कुठे. जमीन-घराचा दस्त मिळकत जिथे आहे तिथल्याच निबंधकाकडे नोंदवायचा, म्हणून आत्याला इंदूरहून तालुक्याच्या गावी यावं लागलं. काका तिला आणायला स्टेशनवर गेले होते. मृत्युपत्र मात्र कुठल्याही निबंधकाकडे नोंदवता येतं. दस्ताची भाषा त्या जिल्ह्यात प्रचलित नसेल आणि अधिकाऱ्याला कळत नसेल तर सोबत तिथल्या भाषेत खरं भाषांतर आणि एक प्रत जोडायची असते. आईने तिचं मृत्युपत्र मराठीतच लिहिलं, दोन पानं, शेजारच्या दोन काकूंच्या सह्या घेऊन, आणि मी गुजराती भाषांतर जोडून दिलं. कारकुनाने वरचं पान उलटंसुलटं पाहून विचारलं, "आ तो वील ज छे ने, बेन?" आई म्हणाली, "हा भाई, वील ज छे. पण वाचून घ्या."